हाणामारीत कट म्हणजे लबाडीच!

शेवटची रांग:
काल आणखी एक नवा मारधाडपट पाहिला आणि डोकं उठलं. नायक हात उगारतो, कट, म्हणजे शॉट तोडून लगेच दुसरा. समोरच्याची मान वळते, कट. कुणीतरी टेबलावर आदळतं, कट. कट मोजायला घेतले आणि कंटाळून सोडून दिले. कुणी कुणाला हाणलं हे कळायला मागं जाऊन पुन्हा बघावं लागत असेल तर ती मारामारी कसली?

भयपटात आणि गुन्हेपटात लपवणं ही कला असेल, हाणामारीत ती शुद्ध लबाडी आहे. तिथं माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसलाच पाहिजे. 'पोलीस स्टोरी' (१९८५) आठवा. शेवटी मॉलमध्ये जॅकी चॅन वरच्या मजल्यावरून खांबावर झेप घेतो आणि दिव्यांच्या माळा फोडत खाली घसरत येतो. बदली माणूस नाही, तळहात भाजून घेतले ते स्वतःचे. आणि ती घसरण लागोपाठ तीनदा दाखवली आहे. विश्वास नसेल तर घ्या, पुन्हा बघा!

अंधारयात्री:
साफ असहमत. 'सायको'मधला (१९६०) शॉवरचा प्रसंग नुसत्या कटांवर उभा आहे. पाऊण मिनिटाचा हल्ला, त्याच्या चित्रीकरणाला आठवडा गेला. रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं, सिनेमा कृष्णधवल असल्यामुळे ते खपून गेलं. वार बसल्याचा आवाज खरबुजात सुरी खुपसून काढला. सुरी अंगात शिरताना जवळजवळ दिसतच नाही, तरी बघितलेला माणूस शपथेवर सांगतो की मी ती आत जाताना पाहिली. कट म्हणजे लबाडी असेल तर त्याचा दिग्दर्शक हिचकॉक, त्याच्याइतका लबाड माणूस झाला नाही.

शेवटची रांग:
अहो, मी तरी दुसरं काय म्हणतोय? भयपटात चालतं. भीती तुमच्या डोक्यात असते, लाथ पडद्यावर असावी लागते.

अंधारयात्री:
इतकं सोपं नाही ते. 'रिंगू' (१९९८) बघा. त्यातली भुताटकीची सदाको केस पुढं सोडून चालत येते तेव्हा लपलेला असतो फक्त चेहरा, बाकी अख्खी आकृती समोर. नटीला उलटं चालायला लावलं आणि ते चित्रीकरण उलट फिरवलं. त्यामुळे पाऊल पुढंच पडतं, पण अंगाचा तोल कुठंतरी चुकलेला वाटतो. नेमका कुठं ते सांगता येत नाही, आणि अंगावर काटा येतो तो त्यामुळेच. म्हणजे भयपटालाही अंग दाखवावं लागतं. तुमची वाटणी तिथंच मोडते.

पुराव्यानिशी:
तुम्ही दोघं लपवण्याला फारच मोठेपणा देताय. 'जॉज'मध्ये (१९७५) शार्क इतका उशिरा दिसतो, कारण यांत्रिक शार्क सारखा बिघडत होता. नंतर लोकांनी त्याला संयम म्हटलं.

मी गुन्हेपटवाला. 'मेमरीज ऑफ मर्डर' (२००३) तर सक्तीनं लपवतो. दक्षिण कोरियातल्या खऱ्या हत्यासत्रावरचा सिनेमा, आणि तो आला तेव्हा खुनी कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी जुना तपास अधिकारी सरळ कॅमेऱ्यात बघतो, जणू तो माणूस प्रेक्षकांत बसला असावा. २०१९ मध्ये डीएनएवरून त्याची ओळख पटली. तो दुसऱ्याच खुनासाठी कधीपासून तुरुंगात होता आणि सिनेमा तिथंच पाहिला होता! आता तो शेवटचा शॉट बघवत नाही. लाथा किती स्वच्छ दिसतात याची चर्चा मला त्यापुढं पोरकट वाटते. राग नसावा.

शेवटची रांग:
राग कसला! पण पोरकट म्हणू नका. वर्षानुवर्षं अंग कमावलेल्या माणसाची लाथ कापून टाकणं म्हणजे गवयाची तान मध्येच तोडणं. 'जॉन विक'च्या (२०१४) मारामाऱ्या का कळतात? त्याचा दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की आधी 'मेट्रिक्स'मध्ये, याच सिनेमाचा नायक किआनू रीव्हजचा स्टंट डबल, म्हणजे बदली माणूस होता. कॅमेरा कुठं ठेवायचा हे त्याला मार खाऊन कळलंय.

उगाच एक:
वाचत होतो, राहवलं नाही. रांगवाले, तुमच्या बाजूचा सगळ्यात भारी पुरावा तुम्ही दिलाच नाहीत. 'ओल्डबॉय'मधली (२००३) बोळातली मारामारी. सलग एक शॉट, कॅमेरा बाजूनं सरकतो, नायकाच्या हातात हातोडा. तीन दिवस लागले त्याला. गंमत म्हणजे त्यात कसब असं काही दिसतच नाही. नायक धापा टाकतो, पडतो, पुन्हा उठतो, समोरची टोळीही दमते. पाठीतला सुरा मात्र संगणकावर केलेला. मग ती लबाडी धरायची की नाही?

आणि 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' (२०००)? बांबूच्या शेंड्यांवर तलवारी चालतात, सगळे तारांना लटकलेले. डोक्यापासून पायापर्यंत दिसतात, पण एकाचंही वजन खरं नाही. चार ऑस्कर मिळाले.

शेवटची रांग:
बांबूचं मान्य. तिथं मारामारी नाहीच, नाच आहे, आणि नाच म्हणून मला तो आवडतो. सुऱ्याचंही सोडून देतो. कट मात्र मान्य नाही.

उगाच एक:
बरं, मग जॅकी चॅनची एकच घसरण तीनदा दाखवायला किती कट लागले हो?

शेवटची रांग:
...निदान दोन. पण ते मोजता येतात!