मदत हवी आहे: कम्युनिटी कॉलेजचं समरचं नियोजन, आणि प्राध्यापक सगळे सुट्टीवर

नमस्कार मंडळी,

कॅलिफोर्नियात सेंट्रल व्हॅलीतल्या एका कम्युनिटी कॉलेजात डीनच्या ऑफिसात मी सहा वर्षं काम करते. वेळापत्रक, वर्गखोल्यांचं वाटप, मीटिंगांची मिनिट्स, बजेटच्या नोंदी, सगळं माझ्या टेबलावरून जातं. यंदा समरच्या कामाचा आराखडा लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे आणि जूनच्या मध्यापर्यंत तो कॉलेज कौन्सिलपुढे ठेवायचा आहे. इथे अमेरिकेतल्या कॉलेजांत शिकवणारे, काउन्सेलिंग करणारे, ऑफिसात बसणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारते आहे. पोस्ट लांबेल, पण आधीचं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

भारतातल्या वाचकांसाठी थोडंसं. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत, ७३ डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे कॉलेजं चालवणाऱ्या स्थानिक संस्थांमध्ये विभागलेली. राज्यातल्या रहिवाशांना फी युनिटमागे (म्हणजे क्रेडिटमागे) ४६ डॉलर, बारावीनंतर कोणालाही प्रवेश, वयाची अट नाही. पूर्वी यांना ज्युनिअर कॉलेज म्हणायचे. माझ्या आत्याला अजून वाटतं की मी अकरावी-बारावीच्या मुलांचे फॉर्म भरते. प्रत्यक्षात काउंटरवर १८ वर्षांची मुलगी आणि ५२ वर्षांचा ट्रकवाला एकाच रांगेत उभे असतात.

आता अडचण. मे अखेरीस पदवीदान झालं की पूर्णवेळ प्राध्यापकांचं वर्षाचं काँट्रॅक्ट संपतं. समरचे सहा-आठ आठवड्यांचे वर्ग कोणी घेतले तर त्याचे पैसे वेगळे. आमच्या इथे विषय निवडायला मदत करणारे काउन्सेलरसुद्धा प्राध्यापकवर्गातच मोडतात, त्यामुळे तेही निम्मेच असतात. अकॅडमिक सेनेटच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या प्रतिनिधी मंडळाच्या, बैठका बंद. ऑफिस मात्र चालू, आणि फॉल, म्हणजे वर्षाचं पहिलं सत्र, ऑगस्टच्या मध्याला सुरू. म्हणजे वर्षातलं नियोजनाचं सगळ्यात दाट काम नेमकं अशा दहा-अकरा आठवड्यांत येतं, जेव्हा ज्यांच्याशी बोलायला हवं ते जागेवर नसतात. आणि बोलायला हवं हे नुसतं सौजन्य म्हणून नाही. १९८८च्या कायद्यापासून अभ्यासक्रम, ग्रेडिंग, प्रवेशाच्या पूर्वअटी, विद्यार्थ्यांची तयारी आणि यश अशा बाबतींत सेनेटचं मत घेणं बंधनकारक आहे. अशा दहा ठरलेल्या बाबी आणि वर एक, म्हणून आम्ही त्याला ‘टेन प्लस वन’ म्हणतो.

गेल्या समरला काय झालं ते सांगते, कारण तेव्हापासून हे माझ्या डोक्यातून जात नाही.

जुलैच्या एका मीटिंगमध्ये ठरलं की फी न भरलेल्या विद्यार्थ्यांची नावं फॉल सुरू व्हायच्या दोन आठवडे आधी कमी करायची. आधी ती शेवटच्या दोन दिवसांत कमी व्हायची. हेतू वाईट नव्हता. वेटलिस्टवरच्या मुलांना जागा लवकर मिळाव्यात, एवढाच. मीटिंगला सहाजण होतो. काउन्सेलिंगचं कोणी नव्हतं, शिकवणारं कोणी नव्हतं. मिनिट्स मीच टाइप केली.

ऑगस्टमध्ये एका शुक्रवारी संध्याकाळी सिस्टिमने नावं काढली आणि त्याच रात्री वेटलिस्टमधून जागा भरल्या. सोमवारी सकाळी काउंटरवर एक बाई आल्या. बदामाच्या पॅकिंग प्लँटमध्ये रात्रपाळी करून थेट आलेल्या, केसांवर जाळी तशीच. त्यांनी पिशवीतून चार घड्या घातलेलं वेळापत्रक काढून काउंटरवर पसरलं. केमिस्ट्रीच्या वर्गाला हिरव्या पेनाने गोल केलेला होता. नर्सिंगला अर्ज करायचा तर तो विषय लागतो आणि त्यांना जमेल असा संध्याकाळचा वर्ग एकच. पाच युनिट, म्हणजे २३० डॉलर. त्यांना फीमाफी मिळायचीच होती, पण त्यांच्या अर्जाची ओळखपडताळणी अडकली होती. २०२१पासून इथे खोट्या नावांनी ऑनलाइन वर्गांत नोंदणी करून आर्थिक मदत लाटायचे प्रकार सुरू झालेत, त्यामुळे चाळणी कडक झाली आणि त्या चाळणीत खरी माणसंही अडकतात. पडताळणी मंगळवारी पूर्ण झाली. वर्ग शुक्रवारीच भरलेला होता. त्या मला एवढंच म्हणाल्या, “म्हणजे आता पुढच्या वर्षी?”

अशी त्या आठवड्यात किती माणसं काउंटरवर आली ते मी मोजलं नाही. मोजायला हवं होतं.

सेमिस्टरआधीच्या सर्वसाधारण सभेत एक ज्येष्ठ प्राध्यापिका उठल्या आणि विचारलं, “हे ठरलं कधी, आणि आमच्यापैकी कोणाला विचारलं?” कोणाकडेच उत्तर नव्हतं. त्यानंतर पूर्ण फॉल अविश्वासात गेला. समरमध्ये झालेली चांगली कामंसुद्धा, म्हणजे खोल्यांचं नवीन वाटप, अर्जांचं एकच पान, सगळं पुन्हा उकरलं गेलं. कामाची प्रगती कागदावर होती, पण माणसं सोबत नव्हती.

यंदा कामं जास्तच आहेत. २०२५च्या फॉलपासून राज्यभर विषयांना एकसारखे क्रमांक लागू व्हायला लागलेत. इंग्लिश वन-ए होतं ते आता इंग्लिश सी-१००० झालं. पहिल्या टप्प्यात सहा विषय होते, पुढचे टप्पे येताहेत. प्रत्येक टप्प्याला वेबसाइट, कॅटलॉग, शैक्षणिक आराखड्याचे नमुने, हायस्कूलला दिलेली पत्रकं, सगळं बदलायचं. हायस्कूलमध्ये अजूनही जुन्या क्रमांकांची पत्रकं फिरताहेत आणि मुलं ती घेऊन येतात. शिवाय त्याच फॉलपासून इथून चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घेण्यासाठीचा सामायिक विषयसंच बदलला. गणिताचं तर २०१७ आणि २०२२च्या कायद्यांनी चित्रच पालटलं. पायाभूत वर्गात न अडकवता मुलांना थेट ट्रान्सफर-पातळीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीत धरल्या जाणाऱ्या, गणितात बसवायचं. कोणी कुठे बसायचं हे समजावून सांगणारा माणूस जुलैत काउंटरवर हवा, आणि तोच नसतो.

यात बिझनेस ऑफिसकडून मदत मागायची सोय नाही. १ जुलैच्या आत तात्पुरतं बजेट बोर्डापुढे, १५ जुलैला वर्षाच्या हजेरीचा अहवाल राज्याकडे, १५ सप्टेंबरच्या आत अंतिम बजेट. ३० जूनच्या अलीकडे सुरू होऊन पलीकडे संपणारे वर्ग कोणत्या आर्थिक वर्षात धरायचे हाही हिशेब तेव्हाच चाललेला असतो. ती माणसं रात्री आठपर्यंत बसलेली मी पाहते.

माझे बाबा सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात हेडक्लार्क होते. मे महिन्यात प्राध्यापकांना सुट्टी, ऑफिसला नाही. एप्रिल संपायच्या आत ते प्रत्येक विभागात स्वतः जायचे, पुढच्या वर्षीचे विषयगट आणि तासिका दाखवून सही घ्यायचे. जे ठरायचं राहिलं त्याचं निळं आंतरदेशीय पत्र त्या त्या सरांच्या गावी जायचं. उत्तर येईपर्यंत तेवढी ओळ माहितीपत्रकात कोरी. आम्ही मुलं ती पत्रं चिकटवायला बसायचो. इथे ईमेल आहे, झूम आहे, आणि तरी आम्हाला ते जमलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तर माझे प्रश्न. सुट्टीतल्या प्राध्यापकांना निर्णयात कसं घेता? तुमच्या कॉलेजात त्यासाठी मानधन देतात का आणि ते कोणत्या खात्यातून? समरमध्ये कोणते निर्णय घ्यायचेच नाहीत अशी काही लेखी यादी कुठे आहे का? आणि फी न भरल्याबद्दल नाव काढण्याची तारीख तुमच्याकडे कशी ठरते? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात जास्त हवं आहे.

*

प्रतिसाद (बे एरिया म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर, काउन्सेलर)

ताई, पोस्ट वाचून आमच्याकडची तीन वर्षांपूर्वीची परिस्थिती आठवली. आम्ही केलं ते सांगते.

मेच्या शेवटच्या बैठकीत सेनेट एक ठराव करते की समरपुरते अमुक पदाधिकारी सेनेटच्या वतीने मत देतील, आणि टेन प्लस वनमधलं काहीही अंतिम होणार नाही, ते ऑगस्टच्या पहिल्या बैठकीत येईल. मेमधली बैठक चुकली तर तुम्ही अडकता, कारण सेनेटला खुल्या बैठकींचा कायदा लागू आहे. नेहमीच्या बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते, विशेष बैठकीची २४ तास. त्यामुळे अजून एक बैठक शिल्लक असेल तर आजच अध्यक्षांना फोन करा.

नाव काढण्याच्या तारखेबद्दल. कोविडच्या काळात बऱ्याच कॉलेजांनी फीसाठी नावं काढणं थांबवलं होतं. आम्ही पुन्हा सुरू केलं तेव्हा अट घातली, आर्थिक मदतीचा अर्ज प्रलंबित असलेल्या कोणाचंही नाव यादीत जाता कामा नये. पडताळणीत अडकलेल्यांसह. सिस्टिममध्ये तेवढी एक खूण लावायला आयटीला एक दिवस लागला. कौन्सिलला पटवताना पैशांच्या भाषेत सांगा. राज्य कॉलेजांना पैसे देतं त्या २०१८पासूनच्या सूत्रात साधारण ७० टक्के निधी विद्यार्थिसंख्येवर, २० टक्के मदत घेणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांच्या संख्येवर आणि १० टक्के यशावर आहे. तुमच्या त्या बाई पहिल्या दोन्हींत मोजल्या जातात. २३० डॉलरसाठी कॉलेजने त्यांच्याबरोबर स्वतःचंही नुकसान करून घेतलं.

आणखी एक. कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना कॅल ग्रँटसाठी (राज्याची आर्थिक मदत) २ सप्टेंबरची दुसरी मुदत असते. मार्चची मुदत हुकली म्हणून मुलं आशा सोडतात. हे जुलैत काउंटरवर मोठ्या अक्षरांत लावा.

*

प्रतिसाद (दोन डिस्ट्रिक्टमध्ये अर्धवेळ गणित शिकवतो)

वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त आम्हा अर्धवेळवाल्यांना विसरू नका. फी भरली नाही म्हणून वर्गातून गायब झालेली मुलं आधी आम्हाला दिसतात, कारण संध्याकाळचे वर्ग बहुतेक आमच्याकडे असतात. मी सकाळी एका कॉलेजात आणि संध्याकाळी ६० मैलांवर दुसऱ्या कॉलेजात असतो. मीटिंगचे तास मोजून पैसे दिले तर जुलैत मी झूमवर नक्की येईन, नाही तर तेवढ्या वेळात मला शिकवणी घ्यावी लागते. आमच्या एका कॉलेजात विद्यार्थी-समानतेच्या निधीतून (मागे पडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीचे पैसे) असे तास देतात. तुमच्या डीनना विचारून पाहा.

*

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल प्रतिसाद वाचला आणि लगेच सेनेटच्या अध्यक्षांना फोन केला. शेवटची बैठक गुरुवारी आहे आणि विषयपत्रिका सोमवारी सकाळी लागणार होती, थोडक्यात वाचलो. ठरावाचा मसुदा त्यांनी मलाच पाठवायला सांगितला आहे. गेल्या ऑगस्टमध्ये उठून प्रश्न विचारणाऱ्या त्या प्राध्यापिकांनाही मी तो दाखवला. त्यांनी दोन ओळी बदलल्या आणि समरपुरतं नाव द्यायला तयार झाल्या.

प्रलंबित अर्जांची खूण आयटीकडे मागितली आहे. ते म्हणतात, मदतीचा अर्ज प्रलंबित आहे ते दिसतं, पण ओळखपडताळणी दुसऱ्या प्रणालीत होते आणि ती माहिती रोज येत नाही, आठवड्यातून एकदा येते. म्हणजे मंगळवारी पूर्ण झालेली पडताळणी शुक्रवारी दिसेलच असं नाही. बे एरियावाल्या ताई, तुमच्याकडे ही माहिती रोज येते का? की यादी काढायच्या आदल्या दिवशी कोणी हाताने तपासतं? हाताने असेल तर मी ते दोन दिवस मोकळे ठेवते, आत्ताच आराखड्यात लिहून टाकते.

आणि अर्धवेळ शिकवणारे सर, समानता निधीतून तास देताना तुमच्या कॉलेजात कामाचं वर्णन काय लिहितात, ते जमलं तर इथे टाकाल का?