काळ्या जमिनीत मचाणीचे खांब डुगडुगतात, मदत हवी आहे

शेत चंद्रपूर जिल्ह्यात, जंगलाला लागून. रानडुकरांमुळे रात्री जागल करावी लागते, आणि वाघाचा भाग असल्याने जमिनीवर झोपायची सोय नाही. म्हणून 10 फूट उंच, 6 बाय 5 ची मचाण बांधली. चार सागाच्या बल्ल्या, वर बांबूचा ताटवा, दोन माणसं बसतात.

अडचण खांबांची आहे. जमीन भारी काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि बल्लीभोवती बोटभर फट राहते. कूस बदलली की अख्खी मचाण हलते! खांब अडीच फूट गाडलेत, भोवती दगड ठोकले, दोन बाजूंना तारेने आडवे बांबू आवळले. तार महिन्याभरात सैल. बुडाला डांबर लावलंय, वाळवीचा त्रास नाही.

शिकार करायची नाही, कायद्याने बंदीच आहे. फक्त बॅटरी आणि डबा वाजवणं. झटका मशीन (कुंपणाच्या तारेला विजेचा हलका झटका देणारं) आहे, तरी जागल सुटत नाही. आधाराला मोठं झाड नाही.

खड्डा 4 फूट करून मुरूम ठोकावा की काँक्रीट भरावं? आणि कैची (दोन खांबांमध्ये फुलीसारखे तिरपे आधार) चारही बाजूंना नटबोल्टने मारली तर पुरेल, की खांब खाली फाकवूनच रोवावे लागतील?