मदत हवी: कुंड्यांवरचं ग्लेझ उडतंय, कोणतं सीलर मारू?

निळीकुंडी: बाल्कनीत हातानं घडवलेल्या चार कुंड्या, बाहेरून निळं ग्लेझ, म्हणजे भाजून बसवलेला काचेसारखा चकचकीत थर. खाली पांढरी पावडर येते, पुसली तर दोन दिवसांत परत हजर. आता पोपडेही निघताहेत. व्हिनेगर लावून झालं. सीलरचं नाव तेवढं सांगा, शनिवारी पाहुणे आहेत.

चाकावरचा: माती कोणती? तळाला ग्लेझ नसलेल्या जागी पाण्याचा थेंब सोडून बघा. पाणी बोअरचं का नळाचं? खाली बशी आहे?

निळीकुंडी: थेंब लगेच गायब. बोअरचं पाणी. बशी भरलेलीच असते, नागपूरचा मे आहे राजेहो! सीलर सांगा ना.

हिरवागार: प्लास्टिकच्या घ्या. हलक्या, स्वस्त.

चाकावरचा: म्हणजे टेराकोटा. हजारेक अंशांवर भाजलेली माती सच्छिद्रच राहते. बशीतलं पाणी उघड्या तळातून वर चढतं, बोअरचे क्षार सोबत नेतं. पाणी उडून जातं, क्षार ग्लेझखाली साचतात, त्यांचे स्फटिक वाढले की ग्लेझ सुटतं. बाहेरून सीलर मारलंत तर उरलेली वाटही बंद होईल. मारायचं ते आतून.

रंगारी_४४: काहून आतून? टेरेसचं वॉटरप्रूफिंग बाहेरून दोन कोट मारा, विषय संपला.

चाकावरचा: टेरेसवर पाणी वरून पडतं, म्हणून कोट वर. कुंडीत पाणी आत असतं. कोट पाण्याच्या बाजूनंच हवा.

मातीमोल: आधी पोपड्याखालचा खड्डा बघा. मधोमध मोहरीएवढा पांढरा ठिपका आहे? मग ती चुनखडी. मातीतला खडा भट्टीत कळीचा चुना होतो, पुढे दमट हवा खाऊन फुगतो आणि वरची खपली उडवतो. त्याला सीलर नाही नि औषधही नाही. आणि व्हिनेगर कोरड्या कुंडीवर लावलं असेल तर विरघळलेला क्षार आत जिरला. तोच परत वर येतोय.

कूलरवाला: माठालाही पांढरं येतं. त्याला सीलर चालेल?

मातीमोल: माठ पाझरतो म्हणूनच पाणी गार होतं. नारळाच्या शेंडीनं घासा, बस.

निळीकुंडी: कोरड्यावरच लावलं होतं. तिन्हींचं काठाला सलग सुटलंय, ठिपके नाहीत. चौथीला वर एक ठिपका आहे.

मातीमोल: चौथी भिंतीकडे फिरवून ठेवा.

चाकावरचा: बाकी तिघींची झाडं काढा. कुंड्या नळाच्या पाण्यात तीन दिवस बुडवा, पाणी रोज बदला. मग सावलीत आठवडाभर वाळवा. ओल राहिली तर कोट फुगे धरतो. आतून आणि तळाला अ‍ॅक्रेलिक सीलरचे दोन कोट, मध्ये चार तास. भोक बुजवू नका. खाली टाइलचे तीन तुकडे ठेवून कुंडी बशीतल्या पाण्याच्या वर उचला. सुटलेलं ग्लेझ परत बसत नाही.

निळीकुंडी: आणि शनिवारी?

चाकावरचा: झाड नर्सरीच्या प्लास्टिकच्या कुंडीत लावा, ती आत बसवा. चहूबाजूंनी बोटभर जागा सोडा.

हिरवागार: म्हणजे शेवटी प्लास्टिकच!

निळीकुंडी: भिजवायला आरओचं वाया जाणारं पाणी चालेल?

चाकावरचा: मुळीच नाही. आरओत जे पाणी जातं, त्यापेक्षा जास्त क्षार त्यात असतात.