टॅरोचा बारावा पत्ता: साधू की फितूर?

गिरगावकर
आमची चाळ पुनर्विकासात गेली आणि तोवरच्या घराचं भाडं बिल्डरने थकवलंय. परवा वहिनी वांद्र्याच्या एका टॅरोवालीकडे (चित्रांचे पत्ते काढून भविष्य सांगणारी) जाऊन आल्या. पत्ता निघाला 'हँग्ड मॅन', म्हणजे एका पायाने उलटा टांगलेला माणूस. अर्थ सांगितला, "थांबा, सोडून द्या, दृष्टी बदला." आता वहिनी म्हणतात, वकिलाचं नंतर बघू! माझं डोकं सटकलं, म्हणून हा धागा.

या पत्त्याचा धीराशी मुळात काही संबंध नाही. टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत आला तो खेळायचे पत्ते म्हणून. तिकडच्या शहरांत फितुराचं असं उलटं टांगलेलं चित्र लोकांना दिसेल अशा भिंतीवर रंगवायची चाल होती. जुन्या इटालियन यादीत या पत्त्याचं नावच 'गद्दार' आहे. १४१२ साली मुझ्झिओ स्फोर्झा हा भाडोत्री सरदार पोपची बाजू सोडून शत्रूला मिळाला, तर पोपने रोममध्ये त्याची उजव्या पायाने टांगलेली चित्रं लावली. पुढे त्याचाच मुलगा मिलानचा ड्यूक झाला, आणि त्या घराण्यासाठी रंगवलेल्या पत्त्यांच्या कॅटमध्येही हा पत्ता आहेच. (राजकारण आणू नका, धागा बंद होईल.)

पिंगळा
तुम्ही ज्याच्याबद्दल बोलताय तो पत्ता वहिनींच्या हातात नव्हताच. आज बहुतेक ठिकाणी वापरतात तो कॅट १९०९ चा, लंडनचा. कल्पना आर्थर वेट या गूढविद्येवर लिहिणाऱ्या लेखकाची, चित्रं पामेला कोलमन स्मिथची. चित्र नीट बघा. ज्या खांबाला तो टांगलाय त्याला पालवी फुटलीय. दुसरा पाय गुडघ्यात दुमडून निवांत मागे घेतलाय. चेहऱ्यावर वेदनेचा मागमूस नाही, आणि डोक्यामागे तेजोवलय. फितुराला तेजोवलय कोण काढतं? हा माणूस तंद्रीत आहे, यातनेत नाही, असं खुद्द वेटने लिहून ठेवलंय.

गिरगावकर
म्हणजे पाचशे वर्षांनी वलय चिकटवलं की गद्दाराचा साधू! वेटच्या आधीही हेच चाललं होतं. १७८१ मध्ये पॅरिसच्या कूर द जेबलां नावाच्या पंडिताने टॅरो इजिप्तचा म्हणून ठोकून दिलं. या पत्त्याबद्दल म्हणाला, पत्तेवाल्यांनी चित्र चुकून उलटं छापलं. सरळ धरा, एका पायावर जपून उभा असलेला 'सावधपणा' दिसेल. ज्याला जे हवं ते त्याला दिसतं.

माहीमचा_नाना
हा तर आपला वेताळ. खांद्यावर घ्या, गोष्ट सांगेल.

सत्संगी
थट्टा नको. गीतेच्या पंधराव्या अध्यायात वर मुळं, खाली फांद्या असलेला अश्वत्थ आहे. उलटं बघितल्याशिवाय संसार कळत नाही, हेच हा पत्ता सांगतो.

पिंगळा
मी पत्त्याच्या बाजूची असले तरी हे पटत नाही. तिथे झाड उलटं आहे, माणूस नाही. आणि भगवंत त्या झाडाला लटकायला सांगत नाहीत, वैराग्याच्या शस्त्राने ते तोडायला सांगतात. दोन चित्रं उलटी आहेत म्हणून अर्थही एक, असं होत नाही.

लोअरपरळ
पत्ते राहू द्या. करारनाम्यात भाड्याची तारीख आणि बँक गॅरंटीचं कलम आहे का, ते आधी बघा. आमच्याकडे ते होतं म्हणून निभावलं.

पिंगळा
याच्याशी सहमत. गिरगावकर, वेटने या पत्त्याचे जे अर्थ दिलेत त्यात शहाणपण, सावधगिरी, विवेक अगदी सुरुवातीला येतात. "वकील करू नका" त्यात कुठेच बसत नाही. राग त्या बाईंवर काढा, पत्त्यावर कशाला?

गिरगावकर
पत्त्यावरही काढणार. त्याच यादीत पुढे 'त्याग' आहे, आणि बिल्डरला आमच्याकडून नेमका तोच हवाय.