आठवी स्कॉलरशिप: "८५ वं चिन्ह कोणतं" टाइप प्रश्नांसाठी काय घ्यावं? बजेट ३००

सईची_आई
नमस्कार मंडळी. लेक आठवीत आहे, फेब्रुवारी २०२६ मध्ये स्कॉलरशिप. गणित बरं आहे तिचं, भूमितीला पण घाबरत नाही, पण तेच तेच परत येणाऱ्या मालिका आल्या की गाडी अडकते. परवाचा प्रश्न: त्रिकोण, गोल, गोल, चौकोन, चांदणी, परत त्रिकोण, गोल, गोल... तर ८५ वं चिन्ह कोणतं. बाईसाहेबांनी रफ पानावर ८५ चिन्हं काढली. खरंच काढली. मध्ये कुठंतरी एक गोल खाल्ला आणि उत्तर आलं त्रिकोण. सव्वाचार मिनिटं गेली, मी घड्याळ लावून बसले होते. पेपरला ९० मिनिटांत ७५ प्रश्न, म्हणजे एकाला ७२ सेकंद. भागाकार करायचा हे शाळेत सांगितलंय पण बाकी शून्य आली की "मम्मी, शून्यावं चिन्ह कुठलं?" म्हणून पेन खाली ठेवते. पुस्तक किंवा सराव संच सुचवा. बजेट ३०० रुपये. क्लास नको, आमच्याकडून एसटी दोनच आहेत.

टॅबवाला_बाबा
ताई सरळ टॅब घ्या. मी मुलाला १६ हजारांचा घेतला, व्हिडिओ बघून सगळं येतं त्याला आता.

सईची_आई
दादा बजेट ३०० आहे.

टॅबवाला_बाबा
ईएमआयवर मिळतो.

चौकातला_पुणेकर
टॅबवर तुमचा मुलगा काय बघतो ते एकदा हिस्ट्री काढून बघा. ताई, पुण्यात कोणी ओळखीचं असेल तर अप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तकं मागवा. फक्त तो जाडजूड पिवळ्या कव्हरचा गाइड घेऊ नका. त्यात एका मालिकेतलं अक्षरच गाळलेलं होतं, मी आणि पोरगा रात्री अकरापर्यंत डोकं फोडत बसलो, शेवटी बायको म्हणाली छापायची चूक असेल आणि होतीच.

पीओ_होणारच
एवढं काय अवघड आहे. परत परत येणाऱ्या पट्ट्यात किती चिन्हं ते मोजा, त्याने भागा, बाकी जेवढी तेवढ्या नंबरचं चिन्ह. बाकी ० आली की पहिलं चिन्ह घ्यायचं, विषय संपला. मी तर ७ च्या २०२६ व्या घाताचा एकक अंक तोंडी सांगतो, ७, ९, ३, १ असे चारच फिरतात, २०२६ भागिले ४, बाकी २, उत्तर ९.

माजी_मास्तर
पीओसाहेब, उत्तर ९ बरोबर, पण बाकी शून्यचा नियम उलटा सांगितलात. याच नियमाने बँकेत नोटा मोजू नका.
सईच्या आई, मी वर्गात पंगत सांगायचो. एका पंगतीला पाच पानं. ८५ माणसं जेवली. ८५ भागिले ५, सतरा पंगती भरून उठल्या, कोणी उरलं नाही. मग ८५ वा माणूस कुठं बसला होता? सतराव्या पंगतीच्या शेवटच्या पानावर. म्हणजे चांदणी. आता ८८ वं विचारलं तर तिघं उरले, ते नव्या पंगतीत बसणार, तिसऱ्या पानावर कोण? गोल. बाकी शून्य म्हणजे पंगत पुरी झाली, एवढंच तिच्या डोक्यात बसवा. पोरांना बाकी शून्य म्हणजे "काहीच नाही" वाटतं, तिथंच घोळ होतो.

पीओ_होणारच
टायपो होता सर.

चौकातला_पुणेकर
"पहिलं" आणि "शेवटचं" मध्ये टायपो? वा.

आजोबा_सोलापूर
मास्तरांशी सहमत. आमच्या पंचांगात हेच आहे. शकात १२ मिळवायचे, ६० ने भागायचं, बाकी येईल तितक्या नंबरचं संवत्सर, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातलं त्या वर्षाचं नाव. शक १९४७ घ्या, झाले १९५९, बाकी ३९, एकोणचाळिसावं विश्वावसु. शक १९०८ ला बाकी शून्य येते, ते साठावं, क्षय. पहिलं, प्रभव, नव्हे. आमच्या वेळी स्कॉलरशिप सातवीला होती आणि टॅब नव्हता, तरी मला मिळाली होती.

पीओ_होणारच
संवत्सर सिलॅबसमध्ये आहे का?

टॅबवाला_बाबा
७ चा २०२६ वा घात आहे का?

मिरजेची_मावशी
सिलॅबसमध्ये कॅलेंडर असतं त्याचं बघा, माझ्या भाचीचं तिथंच गेलं. १ जानेवारी २०२६ गुरुवार, तर १०० दिवसांनी कोणता वार? १०० भागिले ७, बाकी २, शुक्रवार.

चौकातला_पुणेकर
शनिवार. गुरुवारच्या पुढे दोन.

मिरजेची_मावशी
अहो गुरुवार पहिला, शुक्रवार दुसरा. पंगतीचंच लॉजिक आहे. १० एप्रिलला शुक्रवार आहे, कालनिर्णय समोर लटकतंय माझ्या.

चौकातला_पुणेकर
१० एप्रिल हा वर्षाचा १०० वा दिवस झाला. १०० दिवसांनी म्हणजे ११ एप्रिल, शनिवार. तुमचंच कालनिर्णय बघा.

माजी_मास्तर
दोघांचेही वार बरोबर, प्रश्न वेगळे आहेत. "वा" असेल तर स्वतः गुरुवार पहिल्या पानावर बसतो, "नी" असेल तर त्याला सोडून मोजायचं. परीक्षेत याच एका अक्षरावर दोन मार्क जातात. सईला अशा शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारायची सवय लावा.
आणखी दोन ठिकाणी पोरं पडतात.
एक, लयबद्ध मांडणी. क ख ख _ क _ ख ग क ख _ ग. रिकाम्या जागा धरून अक्षरं मोजा, १२. मग गट ३ चा, ४ चा नाहीतर ६ चा. ४-४ च्या उभ्या रेघा मारल्या की क ख ख ग लगेच दिसतं, उत्तर ग, ख, ख. रेघा न मारता नुसतं बघत बसलं की वेळ जातो.
दुसरं, सुरुवातीला पाहुणा असतो तो. १/१४ म्हणजे ०.०७१४२८५७१४२८५... दशांश चिन्हानंतरचा ५० वा अंक? त्यातला पहिला ० परत येत नाही, त्याला आधी उठवा. राहिले ४९, गट सहाचा (७१४२८५), बाकी १, उत्तर ७. पाहुण्याला उठवलं नाही तर १ येतो, आणि पर्यायात १ ठेवलेला असतोच.
आणि आठवीला २० टक्क्यांपर्यंत प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असतात, दोन्ही गोल रंगवावे लागतात, एक सापडला म्हणून पुढे पळू नये.

नवी_मुंबई_मॉम
आम्ही ऑनलाइन बॅच लावली, २२ हजार. मुलगी जिल्हा गुणवत्ता यादीत आली. पैसे वसूल. बाय द वे बाकी शून्य आली की शेवटचं चिन्ह घ्यायचं, हे कोणी सांगितलं नाही का?

चौकातला_पुणेकर
चारदा सांगितलं.

गावाकडची_गोष्ट
ताई विकत काही घेऊ नका. राज्य परीक्षा परिषदेच्या वेबसाइटवर जुने पेपर फुकट आहेत, उत्तरसूचीसकट. झेरॉक्सला फार तर शंभर रुपये. आमच्या शाळेत मी एवढंच करतो, मागच्या पेपरांतले मालिकेचे सगळे प्रश्न कापून एका वहीत चिकटवतो आणि रोज पाच, घड्याळ लावून. पहिल्या आठवड्यात पोरं रडतात.

सईची_आई
सगळ्यांचे आभार. पंगत चालली! काल ८५ वालाच प्रश्न परत दिला तर वीस सेकंदात चांदणी. पैशांची बेरीज पण तिनेच काढली, २, ५, १ रुपये असे रोज फिरून मिळाले तर ५० दिवसांचे किती, १६ पंगती आठ-आठच्या १२८, उरलेले दोघं २ आणि ५, म्हणजे १३५. जुने पेपर झेरॉक्सला टाकलेत.
पुस्तक मात्र पिवळ्या कव्हरचंच घेतलं. २८० ला मिळालं. मैत्रिणीकडे तेच आहे म्हणून हट्ट धरून बसली. रागावू नका पुणेकर दादा. पहिल्याच दिवशी तिला एक चुकलेली मालिका सापडली, आता मालिका सोडवण्याऐवजी चुका शोधत बसते, लाल पेनने.

चौकातला_पुणेकर
पान ४१ का?

सईची_आई
नाही, १७. ४१ वर पण आहे का??

टॅबवाला_बाबा
टॅबवर चुका नसतात.