मदत हवी आहे: विश्वकर्मा योजनेतलं शिंपी ट्रेनिंग
नमस्कार मंडळी, माझ्या वहिनीला पीएम विश्वकर्मामधून शिंपी ट्रेडला फॉर्म भरायचाय, ट्रेनिंग फुकट, वर दिवसाला ५०० रुपये स्टायपेंड आणि टूलकिटसाठी १५ हजारांचं ई-व्हाउचर, एवढं मिळालं तर खूप आधार होईल तिला. घरीच ब्लाउज शिवते, हात एकदम साफ, पायपिंग तर बघत राहावं असं.

अडचण अशी की एका कुटुंबात एकालाच लाभ मिळतो आणि दादाने सुतारकामासाठी आधीच नोंदणी करून ठेवलीये, ती ग्रामपंचायतीच्या पडताळणीतच अडकलीये. त्याचा अर्ज मागे घेऊन वहिनीचा भरता येतो का, की आधी त्याचा रिजेक्टच व्हावा लागतो? शिवाय तिच्या आधारवर अजून माहेरचं नाव आहे, रेशनकार्डावर सासरचं, ते चालेल का? कुणी केलं असेल तर प्लीज सांगा.