‘एल आग्वा’ पुल्लिंगी? आधी पुढचं विशेषण वाचा

वक्रतुंडी: «लिंग पाठ करत बसू नका. शेवटी ओ आला की पुल्लिंगी, आ आला की स्त्रीलिंगी. अपवाद एकच, एल आग्वा (पाणी) पुल्लिंगी.» स्पॅनिश शिकणारे ही पोस्ट डोळे मिटून पुढे ढकलताहेत, म्हणून लिहितेय. आग्वा स्त्रीलिंगीच आहे: एल आग्वा फ्रिया (थंड पाणी), फ्रियो नव्हे. आघात असलेल्या ‘आ’ने सुरू होणाऱ्या स्त्रीलिंगी नामाला चिकटून ‘ला’ या स्त्रीलिंगी उपपदाऐवजी ‘एल’ हे पुल्लिंगी दिसणारं उपपद लागतं, एवढंच. आगिला (गरुड), आल्मा (आत्मा), आंब्रे (भूक) सगळी त्यातलीच. आरिना (पीठ) मात्र ‘ला’च, कारण आघात ‘रि’वर. मध्ये शब्द घुसला की ‘ला’ परत: ला मिस्मा आग्वा (तेच पाणी). अनेकवचन लास आग्वास. आणि अपवाद ‘एकच’? ला मानो (हात), एल दिया (दिवस), ग्रीकमधून आलेले एल प्रोब्लेमा, एल इदियोमा (भाषा), एल सिस्तेमा हे कुठे गेले?

तिरका_बाण: एवढं व्याकरण पाजळून पाणी कोण मागतं? खुद्द स्पेनमधले लोक सर्रास ‘एस्ते आग्वा’ (‘हे पाणी’, पुल्लिंगी ‘हे’) म्हणतात. एल-लासकट नाम पाठ करा, विषय संपला.

वक्रतुंडी: म्हणतात, आणि अकादमी (स्पॅनिशचे नियम ठरवणारी संस्था) त्याला चूकच ठरवते; बरोबर ते एस्ता आग्वा, मुचा (पुष्कळ) आग्वा, तोदा (सगळं) एल आग्वा. पण तेच लोक पुढे ‘फ्रिया’ म्हणतात ते तुम्हाला ऐकू येत नाही! एल-लासकट पाठांतर नेमकं इथेच दगा देतं. विशेषणासकट पाठ करा: मानो देरेचा (उजवा हात), मुचा आंब्रे. विशेषण ओ-आ बदलणारं घ्या. ‘आग्वा कालिएन्ते’ (गरम पाणी) घोकून काही कळत नाही, कालिएन्ते दोन्हीकडे तसंच राहतं.

भाकरतुकडा: खरा घोळ वचनाचा आहे, त्यावर कुणी बोलतच नाही. ‘लाल टोपी, लाल टोप्या’ अशी आपली सवय, त्यामुळे मराठी मंडळी ‘ओखोस वेर्दे’ (हिरवे डोळे) करून मोकळी. वेर्दे लिंगाने बदलत नसलं तरी वचनाने बदलतं. वेर्देस!

मुका_हकार: आणि मिश्र गट? आपल्याकडे ‘भाऊ-बहीण दमली’, नपुंसकलिंगी अनेकवचन. स्पॅनिश नामांना ती सोय नाही, म्हणून दहा मुलींत एक मुलगा आला की सगळे पुल्लिंगी ‘कान्सादोस’ (दमलेले). यावरच अर्जेंटिनात पुल्लिंगी तोदोसऐवजी (सगळे) लिंगनिरपेक्ष ‘तोदेस’ आलं, आणि 2022 मध्ये ब्युनोस आयरेस शहर सरकारने शाळांत शिक्षकांना ते वापरायला बंदी घातली.

तिरका_बाण: झालं, राजकारण आलं. तोदेस अकादमीला मान्य नाही. संपलं.

मुका_हकार: मघाशी ‘लोक म्हणतात’ एवढं पुरत होतं, आता अकादमी आठवली? ‘प्रेसिदेन्ता’ (महिला अध्यक्ष) अकादमीच्या कोशात 1803 पासून आहे. तरी मेक्सिकोत राष्ट्राध्यक्ष शाइनबाउम यांना ‘आ’ लावूनच म्हणा, असं सांगावं लागलं.

तिरका_बाण: प्रेसिदेन्ता घ्या, कोशात आहे ना. तोदेस नाही म्हणजे नाही.

वक्रतुंडी: धागा पाण्याचा होता.

भाकरतुकडा: मग साखरेचं सांगा! आसुकार दोन्ही लिंगांत चालतं, वर ‘एल आसुकार मोरेना’सुद्धा (तपकिरी साखर: एल पुल्लिंगी, विशेषण स्त्रीलिंगी). सार्तेन (तवा) स्पेनमध्ये ला, बऱ्याच लॅटिन अमेरिकन देशांत एल. करा विशेषणासकट पाठ.

तिरका_बाण: घ्या!

वक्रतुंडी: नाचू नका. आसुकारचा आघात ‘सु’वर, तिथला ‘एल’ जुन्या वापराचा अवशेष आहे. पूर्वी ‘एला’ या जुन्या स्त्रीलिंगी उपपदाचा ‘एल’ कुठल्याही स्वराआधी होत असे. तवा-साखर जिथे बोलायचंय तिथली शिका.

तिरका_बाण: बरं बाई, ‘आग्वा फ्रिया’ पाठ करतो, तुमच्यावर उपकार म्हणून. ‘एस्ते आग्वा’ मात्र म्हणणारच.